दहावीचं वर्ष आणि खो-खोचं मैदान

माझी थोरली लेक २०२५ ला दहावी झाली. खो-खो ती सहावीपासून खेळते. आम्ही कळंब तालुक्यातले, जिल्हा धाराशिव. मी पतसंस्थेत कारकून आहे, यांची सहा एकर शेती आहे. निकाल लागल्यापासून गावातल्या तिघीजणी घरी येऊन गेल्या. प्रत्येकीनं तेच विचारलं: दहावीला खेळ चालू ठेवला तर जमतं का, आणि ते क्रीडा गुणांचं काय असतं? दर वेळी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून तारखांसकट लिहून काढते. तारखा माझ्या हिरव्या वहीत आहेत.

१५ जून २०२४ ला शाळा भरली. आमच्या भागात दहावी म्हटलं की लातूरचं नाव निघतंच. 'लातूर पॅटर्न'चा, म्हणजे तिथल्या कसून अभ्यास करून घेण्याच्या पद्धतीचा, धाक लहानपणापासून सगळ्यांच्या मनात. माझे दीर लातूरलाच असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "वहिनी, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. खेळ बंद करा आणि तिला इकडं पाठवा, माझ्याकडं राहील." ते मायेनंच बोलत होते. यांचंही मन तिकडंच झुकत होतं. मध्ये पडल्या त्या सासूबाई. म्हणाल्या, "आपण थंडीत रात्री दोनला उठून हरभऱ्याला पाणी देतोत, लाईट येईल तवा. पोरगी दीड तास पळाली तर काय बिघडायलंय?" त्या एका वाक्यावर खेळ चालू राहिला.

पण निभवायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा दिवस असा होता: पावणेसहा ते सव्वासात मैदान, आठ ते साडेनऊ शिकवणी, अकरा ते पाच शाळा, साडेपाच ते सात पुन्हा मैदान. जेवून पुस्तक उघडलं की दहाव्या मिनिटाला मान खाली. महिनाभर मी ते बघत राहिले आणि सवय होईल असं स्वतःला सांगत राहिले.

जुलैच्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ६ गुण मिळाले. २७ जुलैला, शनिवारी, वर्गशिक्षिका बाईंचा फोन आला. तीन वह्या तपासायला दिलेल्या नाहीत, विचारलं की गप्प बसते. त्या रात्री ती स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीला टेकून बसली होती. डावा गुडघा सूर मारताना सोललेला, आणि लांब मोजा जखमेला चिकटून वाळलेला. मी कोमट पाणी घेतलं आणि बोटानं थेंब थेंब सोडत मोजा सोडवायला लागले. ओढला तर खपली निघेल, म्हणून वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत ती बोलली. सर म्हणतात, बाईंना सांग उद्यापासून शेवटचा तास सोडायचाय. बाई म्हणतात, सरांना सांग वर्ग सोडायचा नाही. शिकवणीचे सर म्हणतात, घरी सांग सकाळी उशीर चालणार नाही. घरी मी म्हणते, सरांना सांग आज बरं नाही. "आई, मी कुणाला काय सांगू? सगळे माझ्यावरच चिडायलेत."

अभ्यास आणि खेळ दोन्ही एकत्र जड जातात, असं मी धरून चालले होते. तिला जड जात होतं ते आम्हा चार मोठ्या माणसांचे निरोप वाहणं. पंधरा वर्षांची पोर रोज चौघांची मनधरणी करत होती आणि प्रत्येकाच्या नजरेत खोटी पडत होती. तिचं रडणं आजही आठवतं. ही गोष्ट मला जूनमध्येच कळायला हवी होती.

३ ऑगस्टला शाळा सुटल्यावर आम्ही चौघं शाळेत बसलो. क्रीडाशिक्षक, वर्गशिक्षिका, शिकवणीचे सर आणि मी. यांची फवारणी चालू होती. मी मनातून घाबरले होते. शिक्षकांना असं एकत्र बोलावणारी मी कोण, असं वाटत होतं. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांत सगळं झालं, कारण तिघांनाही एकमेकांची अडचण माहीतच नव्हती. सरांना घटक चाचणीची तारीख ठाऊक नव्हती, आणि बाईंना तालुक्याची स्पर्धा कधी ते ठाऊक नव्हतं. येताना दुकानातून पंचवीस रुपयांची हिरवी वही घेतली होती. तिच्या पहिल्या पानावर ऑगस्ट ते मार्च मांडला. शाळेच्या परीक्षा निळ्या शाईनं, स्पर्धा लाल शाईनं. ऑक्टोबरात दोन्ही रंग एकाच चौकटीत आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे आत्ताच दिसलं ते बरं झालं."

ठरलं ते असं. संध्याकाळचा सराव फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, स्पर्धेच्या आधीचे दहा दिवस सोडून. शिकवणी आठवड्यात तीन दिवस, पण रविवारी दोन तास. झोप पावणेदहाला, काही झालं तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलाही निरोप पोरीबरोबर जाणार नाही. चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, जे असेल ते तिथं लिहायचं. ज्यांच्या घरी खेळणारं लेकरू आहे त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते. वेळापत्रकाच्याही आधी ही.

मग कागदपत्रं. तालुका स्पर्धेसाठी सरांनी आधार, जन्माचा दाखला आणि फोटो मागितले, आणि घोळ लक्षात आला. आधारवर वडिलांचं नाव बोलीतलं, छोटं. शाळेच्या रजिस्टरला पूर्ण. एका जागी दत्ता, दुसऱ्या जागी दत्तात्रय, अशातला प्रकार. मी आधार केंद्रात गेले. शुल्क तेव्हा ५० रुपये होतं, पण रांगेत दोन हेलपाटे झाले. दुरुस्ती होऊन यायला सतरा दिवस गेले. तोवर यादी जुन्या आधारप्रमाणे पुढं गेली होती. मला वाटलं, काय फरक पडतो? तो फरक फेब्रुवारीत पडला. खेळणाऱ्या लेकराचं नाव शाळेचं रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला या तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं आहे का, ते मे महिन्यातच बघून ठेवा.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या डावात तिचे पाय ओढतात, असं सर म्हणाले. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८ निघालं. या वयाच्या मुलीला ते १२ तरी हवं. शाळेत आठवड्याला निळी लोहगोळी मिळते, ती ही गपचूप दप्तरात टाकत होती, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळायचं. डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं: जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि पुढं-मागं तासभर चहा नाही. डब्यात गूळ-शेंगदाण्याचा लाडू रोजचा झाला, दोन दिवसांआड अंडी. डिसेंबरात पुन्हा तपासलं तर ११.४. रात्री पुस्तकावर मान पडायची त्यातला किती आळस होता आणि किती अशक्तपणा, देव जाणे. मुलींच्या आयांनी पाळीची तारीखही वहीत मांडावी. स्पर्धेच्या दिवशी पाळी आली तर काय वापरायचं, ते आधी सरावात करून बघू द्यावं. हे सरांना विचारता येत नाही आणि मुली आपण होऊन बोलत नाहीत.

तालुक्याची स्पर्धा ५ सप्टेंबरला होती. पावसानं मैदानाचा चिखल केला, काळ्या मातीत पाय रुतायचे, म्हणून ती आठ दिवसांनी झाली. २४ सप्टेंबरला धाराशिवला जिल्हा स्पर्धा. मी रजा काढून गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा वर्षभर आधार झाला.

खो-खो ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आक्रमण करताना आठजणी मधल्या पाटीवर, म्हणजे पट्ट्यावर, एकीआड एक उलट्या तोंडानं बसतात आणि नववी पळते. संरक्षणाला तिघींची तुकडी आत येते. आमची लेक दुसऱ्या तुकडीत. ती पळत नाही, ती वाट बघते, असं मला वाटतं. खुंटाजवळ, म्हणजे पाटीच्या टोकाच्या खांबाजवळ, उभी राहून समोरचीचा खांदा कुठं वळतो ते बघते आणि शेवटच्या क्षणी हूल देऊन निसटते. अंतिम सामन्यात तिनं बाद न होता अडीच मिनिटं काढली. बारीक काम आहे ते, फार बारीक. हेच डोकं भूमितीत का चालत नाही, असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही.

आमचा जिल्हा खो-खोचा आहे हे मैदानाभोवतीची गर्दी बघून कळतं. सारिका काळे इथल्याच. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या, आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पोरींना ते नाव घरातल्या माणसाच्या नावासारखं पाठ आहे.

आम्ही जिल्ह्यात पहिले आलो, म्हणजे विभागीय स्पर्धा लातूरला. तारीख १५ आणि १६ ऑक्टोबर. दसरा १२ ला झाला आणि १४ पासून शाळेची सत्र परीक्षा. वहीतली ती दोन रंगांची चौकट हीच. बीजगणित आणि इंग्रजी हे दोन पेपर बुडणार होते. बाई आधीच सावध होत्या, त्यांनी मला लेखी अर्ज द्यायला लावला: स्पर्धेचं पत्र जोडून, पेपर नंतर घ्यावेत अशी विनंती. मी दोन प्रती नेल्या. एक दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. तोंडी "बघू, घेऊ" यावर थांबू नका. माणूस चांगला असला तरी महिन्याभरात विसरतो, आणि मग पुन्हा लेकरालाच विचारत बसावं लागतं.

ढोकी-मुरूडमार्गे लातूरला जाताना पोरींचा आरडाओरडा, गाणी चालू होती आणि आमची खिडकीशी बसून पत्रिका वाचत होती. लग्नाच्या जुन्या पत्रिका आम्ही टाकत नाही. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं गणिताची सूत्रं, इतिहासाच्या सनावळ्या लिहिल्या होत्या आणि रबरबँड लावून गठ्ठा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता. वही काढली की बसमध्ये चक्कर येते, पत्रिका हातात मावते आणि जाड असल्यानं हलत नाही. ही युक्ती तिची, कुणी शिकवलेली नाही. पाठांतराचा बराच भाग तिनं एसटीतच केला.

लातूरला आम्ही पहिलाच सामना हरलो. दोन गुणांनी. परतताना कुणी गाणं म्हटलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "पेपर पण गेले आणि मॅच पण गेली." मला काय बोलावं कळेना. सासूबाईंनी तिच्या डोक्याला तेल लावलं आणि तिला झोपवलं. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी द्यायला हवी होती, मी उरलेल्या पेपरला पाठवलं. तेवढं माझं चुकलं. एक दिवसानं काही बिघडलं नसतं.

राहिलेले दोन पेपर दिवाळीनंतर घ्यायचे ठरले होते, पण विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आलं आणि शिक्षक निवडणुकीच्या कामाला जुंपले गेले. शेवटी २७ आणि २८ नोव्हेंबरला झाले. त्या अर्जाची शिक्क्याची प्रत तेव्हा उपयोगी पडली. बीजगणितात ४० पैकी २१. जुलैच्या ६ नंतर मला ते खूप होतं.

डिसेंबर कोरडा गेला. सकाळी मैदान, मग अभ्यास, वेगळं काही नाही. पहिल्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री यांच्याबरोबर ती एकदा गेली, तेवढीच हौस.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खुंटावर सूर मारताना तिच्या उजव्या हाताची तर्जनी दुखावली. हाड मोडलं नव्हतं, पण सूज एवढी की पेन धरवेना. तेव्हा सरांनी आपण होऊन ग्रुपवर लिहिलं: आजपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत सूर बंद, खुंट बंद, फक्त चाळीस मिनिटं पळणं आणि ताण देणं. मी सुटकेचा श्वास टाकला. खेळ पूर्ण थांबवा असं ते म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. पुढं दोन दिवस पाऊस-पाण्यानं, पाहुण्यांमुळं ती मैदानावर गेली नाही, तर अभ्यासालाही बसवेना, चिडचिड करायची. तिला सकाळची ती चाळीस मिनिटं लागतातच.

त्याच आठवड्यात दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा चालू होती, १३ ते १९ जानेवारी. पूर्वपरीक्षा तोंडावर होती, तरी १९ तारखेचा रविवार आम्ही वहीत मोकळा ठेवला. आमच्या बैठकीत चौदा माणसं होती. भारतीय मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची शेजारच्या केज तालुक्यातली, आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे. भारतानं नेपाळला ७८-४० असं हरवलं. आमची पट्टी बांधलेलं बोट वर धरून प्रत्येक तुकडी मोजत होती. खुंट आमच्यासारखेच, पण खाली माती नव्हती, मॅट होती. त्या रात्री तिनं न सांगता दोन तास विज्ञान वाचलं.

आता क्रीडा गुण. दहावी-बारावीच्या खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, त्याचा शासन निर्णय २० डिसेंबर २०१८ चा आहे. जिल्हास्तरावरच्या यशाला ५ गुण, पुढं पातळी चढेल तसे वाढत जाऊन आंतरराष्ट्रीय यशाला २५. प्रस्ताव आपण थेट बोर्डाला पाठवायचा नसतो. तो शाळेतून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, तिथं प्रमाणपत्र पडताळलं जातं, आणि मग विभागीय मंडळाकडे. आपल्या धाराशिवला, लातूर आणि नांदेडप्रमाणे, लातूर मंडळ आहे. शेवटची तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायची आणि शाळेला आपणच आठवण करायची.

६ फेब्रुवारीला सर म्हणाले, प्रमाणपत्र आणि हॉल तिकिटाची झेरॉक्स आणा. दोन्ही शेजारी ठेवले आणि माझ्या पोटात गोळा आला. हॉल तिकिटावर वडिलांचं नाव पूर्ण, प्रमाणपत्रावर छोटं. ऑगस्टमधली ती जुनी यादी. दोन वेगळ्या मुली समजून प्रस्ताव परत येऊ शकतो, असं सर म्हणाले. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. तिला यातलं काही सांगायचं नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

१० फेब्रुवारीला मी एकटी धाराशिवला गेले. काय काय लागेल ते चिठ्ठीवर लिहून घेतलं: मुख्याध्यापकांचं पत्र, रजिस्टरच्या उताऱ्याची सही-शिक्क्याची प्रत, दुरुस्त आधार, आणि मूळ प्रमाणपत्र. पहिल्यांदा मूळ प्रमाणपत्र न्यायला विसरले होते. नुसत्या झेरॉक्सवर दुरुस्ती होत नाही. दुसरी खेप २५ मार्चला, परीक्षा संपल्यावर. दुरुस्त प्रमाणपत्र हातात घेऊन बसस्टँडवर बसले आणि नावातलं एकेक अक्षर तीनदा वाचलं. दोन खेपा, झेरॉक्स, चहापाणी धरून ४१० रुपये गेले, आणि दोन रजा. सहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. आमचं सातवीतलं एक उंदरानं कुरतडलं.

परीक्षा २१ फेब्रुवारीला मराठीच्या पेपरनं सुरू झाली आणि १७ मार्चला भूगोलानं संपली. बोट तोवर बरं झालं होतं. तरी लांब उत्तरांच्या पेपरला मध्येच पेन ठेवून ती बोटं मोकळी करायची. रोज सकाळी चाळीस मिनिटं मैदानावर जाऊन यायची, पेपरच्या दिवशीसुद्धा. गल्लीतल्या बायका बघायच्या. मी तिला अडवलं नाही. १८ मार्चला ती पहिल्यांदा पूर्ण सरावाला गेली आणि दोन्ही कोपरं सोलून, हसत घरी आली.

वर्षाचा खर्च वहीत बेरीज करून ठेवलाय. शिकवणी सोडून ६,८५० रुपये. बुटांचे दोन जोड, विभागीयची वर्गणी, प्रवास, गोळ्या, पट्ट्या, कागदपत्रं. सगळ्यात जास्त बूट. स्वस्तातले घेतले ते दोन महिन्यांत तळातून सुटले, दुसरे जरा बरे घेतले ते वर्षभर टिकले.

१३ मे २०२५ ला दुपारी एकला निकाल लागला. ५०० पैकी ३५८, आणि वर क्रीडा गुण ५. एकूण ३६३, म्हणजे ७२.६० टक्के. ते पाच गुण तिनं बराच वेळ बोट ठेवून बघितले. दिरांचा फोन आला, म्हणाले, "लातूरला असती तर ऐंशीच्या पुढं गेली असती." गेलीही असती. हे काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पेढे आणले ते सरांच्या घरी आधी दिले, मग देवाला.

२०२५ ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरताना तिनं फक्त अशीच महाविद्यालयं वर ठेवली जिथं मुलींचा खो-खोचा संघ आहे, आणि कला शाखा घेतली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात धाराशिवला प्रवेश झाला. वसतिगृहात सोडायला मी गेले होते. ट्रंकेत बूट, लग्नपत्रिकांचा नवा कोरा गठ्ठा आणि तिनं स्वतः घेतलेली एक वही. पहिल्या पानावर तिनं चार नंबर लिहिले होते: वर्गशिक्षक, प्रशिक्षक, वसतिगृहाच्या ताई आणि मी. प्रशिक्षकांना तिनं आदल्या दिवशीच फोन केला होता, आणि सहामाही परीक्षेच्या तारखा त्यांना आधीच कळवून ठेवल्या होत्या.